रब्बीचं पाकीट

उकंडरावांना हळू बोलता येत नसे. कोणाच्या कानाशी लागून काही सांगायला गेले तरी ते चार घरांपलीकडे ऐकू जाई, असं सोनाळ्यातले लोक म्हणत आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. सगळी हयात बैलांना हाका मारण्यात गेलेली, तेव्हा गळ्याला दुसरं वळण लागणार कुठून? आणि अशा या माणसाला नाद होता तो सोयरिकी जुळवण्याचा. ज्या कामात कुजबुजीशिवाय पान हलत नाही, तेच काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलेलं.

सोयरीक ही भलती नाजूक चीज. एखाद्या पोरीला दोन नकार आल्याचं पंचक्रोशीत कळलं की तिसरा पाहुणा अर्ध्या वाटेतूनच परत फिरतो. मोडता घालणारे तर पावलोपावली. "जोडाले सात जन लागते," उकंडराव म्हणत, "मोडाले एक रिकामटेकडा पुरते." ज्याच्या घरची गोष्ट, त्यानं सांगेपर्यंत ती बाहेर जाता कामा नये, एवढा एकच नेम त्यांनी पाळला होता. पण आवाजाचं काय करायचं? आवाज तर लहान होत नव्हता. मग त्यांनी बोलणंच बदलून टाकलं.

स्थळ म्हणजे पाकीट. पोरगा-पोरगी पाहण्याचा कार्यक्रम म्हणजे उगवण तपासणं. होकार आला की पेरणी झाली आणि नकार आला तर वाफसा नाही. लग्नपत्रिका म्हणजे बिल. मोडता घालणारा म्हणजे बोंडअळी. ही उपमा तर त्यांनी कपाशीचं नुकसान सोसून कमावलेली होती. एस.टी.त मागच्या सीटवर बसून ते पुढच्या सीटवरच्या पाहुण्याला ओरडून सांगायचे, "पाकीट आनलं बरं का, उगवन चांगली आहे!" आणि गाडीतला प्रत्येक जण मनाशी म्हणायचा, म्हातारा शेतीत काय मुरलेला आहे.

त्यांची बायको झुंबरबाई कपाळाला हात लावायची. "या मानसाच्या तोंडात लेकीबाळीचं नाव येतच नाई, नुसतं बी-बियानं. एखांद्या दिवशी कोनाच्या वावरात नवरी पेरून येईन हा!"

त्या भाषेतला एक शब्द मात्र उकंडरावांच्या विशेष जिव्हाळ्याचा होता. पहिलं लग्न म्हणजे खरीप. आणि विधवेचं, टाकलेलीचं, बिजवराचं, ज्याचं कोणाचं दुसऱ्यांदा मांडलं जातं ते रब्बी. खरिपाची सोयरीक कोणीही जुळवील, त्यांचा जीव रब्बीत. "खरिपाले वरून पाऊस असते," ते सांगत, "सारं गाव नाचाले येते. रब्बीले जमिनीत उरल्या ओलीवर उगवा लागते. तिले जपा लागते बापा." हे सांगताना त्यांचे डोळे भरून येत आणि आवाज आणखीच चढे.

मग गावात सगळ्यांच्या हाती मोबाइल आले, तसा त्यांच्याही हाती आला. बाजारात जब्बारचं मोबाइलचं दुकान होतं. त्यानं व्हॉट्सॲप घालून दिलं आणि सगळ्यात वरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. "काका, तुमी बोलसान ते कुलपात बंद होऊन जाते. समोरच्याकडंच उघडते. मधातल्या कोनालेच आयकू येत नाई. कंपनीलेबी नाई अन् सरकारलेबी नाई."

"अन् माहा आवाज?"

"तुमचा आवाजबी नाई."

उकंडराव बराच वेळ त्या फोनकडे बघत राहिले. जन्मात कोणी त्यांना इतकं दिलं नव्हतं. त्या दिवसापासून जब्बारच्या दुकानावरून जाताना ते थांबून रामराम घालू लागले आणि सगळ्या सोयरिकी फोनवर आल्या. पण जुनी भाषा काही त्यांनी सोडली नाही. कुलूप असलं म्हणून काय झालं, आत पेटीही असावी, असा त्यांचा हिशेब.

आता पुष्पांजलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. ही सोनाळ्याची लेक, पिंपळगाव राजाला दिलेली. नवरा काविळीनं गेला तेव्हा तिची समीक्षा पाळण्यात होती. आता शाळेत जायला लागली होती. तिचं पुन्हा मांडून द्यावं म्हणून उकंडरावांनी एकदा चांगलं स्थळ आणलं, तर दीर चंद्रशेखरनं ते मोडलं. तसा माणूस दुष्ट नव्हता. भावाच्या मागं पोरगी तेवढी राहिली, ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं. "वहिनीले जाचं तं जावो," तो म्हणायचा, "पोरगी आमच्या भावाची आहे. ती इथंच राहीन." आणि कोणती आई मग जाते?

यंदा मात्र मोताळ्याचा राजकुमार मिळाला. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान, बायको वारलेली, माणूस मुका वाटावा इतका शांत. एका बारशाच्या गर्दीत दोघांची भेट झाली. उकंडरावांनी पुष्पांजलीला बाजूला घेतलं आणि आपली भाषा समजावून सांगितली. ती हसली, मग तिनं विचारलं,

"मामा, कपाशीच्या पाकिटात ते दुसऱ्या बियाची लहान पुडी येते ना? लोक तिले बांधावर फेकून देते."

"हाव."

"माही पुडी फेकाची नाई. पुडी मागं राह्यली तं पाकीट येत नाई, असं सांगा त्याईले."

उकंडरावांनी सांगितलं. राजकुमारचं उत्तर आलं, आयुष्यातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य असावं ते. "काका, पुडीसाठी मी दुकानावरची खोली रंगवून ठेवली."

ठरलं. बेस्तरवारी, म्हणजे येत्या गुरुवारी, पुष्पांजली लेकीला दवाखान्यात दाखवायला म्हणून खामगावला निघणार आणि तिथून उकंडराव दोघींना मोताळ्याला नेणार. लग्न लागून गेलं की चंद्रशेखर काय करणार होता? पण आधी सुगावा लागला, तर तो पोरीला उचलून आपल्या बहिणीकडे ठेवून येईल, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि इथं उकंडरावांनी हात दाखवून अवलक्षण केलं.

रविवारी सकाळी त्यांनी राजकुमारला निरोप बोलून पाठवला. चष्मा कपाळावर होता आणि नावं वाचायची त्यांना सवय नव्हती, ते फोटो बघून माणूस ओळखायचे. राजकुमारचा फोटो म्हणजे कपाशीचं फुटलेलं बोंड. 'खरीप मित्र' नावाच्या शेतकऱ्यांच्या गटाचा फोटोही कपाशीचं फुटलेलं बोंडच. त्या गटात जिल्हाभराचे शेतकरी होते आणि पिंपळगावचा चंद्रशेखरही होता. त्या सगळ्यांना उकंडरावांचा खणखणीत आवाज ऐकू आला:

"पिंपळगावचं पाकीट बेस्तरवारी गुपचूप मोताळ्याले आनतो. संगं लहान पुडी आहे, तीबी आनतो. बिल नाई, पावती नाई, कोनाले काई बोलू नोका. रब्बीचं आहे, पन उगवन एक नंबर! बोंडअळीले वास लागू देऊ नोका, बस."

चूक लक्षात आली तेव्हा त्यांनी घाईघाईनं निरोप पुसला. पण पुसताना बोट पडलं ते 'फक्त माझ्यासाठी'वर. म्हणजे निरोप एकट्या उकंडरावांच्या फोनवरून गेला आणि उरलेल्या जिल्ह्याकडे राहिला.

मृग तोंडावर आलेला. चोरट्या, बिनपरवाना बियाण्याची कुजबुज दर साली याच दिवसांत चालते. त्यात कपाशी, तीही रब्बीत येणारी, आणि वर बोंडअळीला वास न लागणारी! गटात नुसता गोंधळ उडाला. "दादा, मले चार पाकिटं." "दादा, वान कोनतं?" कोणी म्हणे गुजरातहून आलंय. आणि त्या गर्दीत एक आवाज चंद्रशेखरचा: "दादा, पिंपळगावातलंच आहे तं दोन पाकिटं मले राखून ठेवा. बिल नाई भेटलं तरी चालन."

तो ऐकून उकंडराव फोन घेऊन ओसरीवर आले. "अवं, बोंडअळीनंच दोन पाकिटं मांगतली," ते झुंबरबाईला म्हणाले, आणि हसावं की रडावं ते दोघांनाही कळेना.

गटातला निरोप फिरत फिरत वरपर्यंत पोचला आणि सोमवारी सकाळी जीप दारात. बियाण्याचं भरारी पथक, सोबत पोलीस ठाण्याच्या फौजदार वंदनाबाई. नवीनच आलेल्या, तिशीतल्या, बोलायला चोख. पथकानं घर पालथं घातलं तेव्हा घरचं सोयाबीन आणि लोणच्याच्या बरण्या निघाल्या. झुंबरबाई पदर खोचून उभीच होती. "चुलीतबी पाहा बाप्पा, तिथं पेरलं असन त्यानं," ती म्हणाली. पथकातल्या कृषी अधिकाऱ्याला मात्र एकच प्रश्न छळत होता. "काका, खरं सांगा, रब्बीत कपाशी येते कशी?"

ठाण्यात वंदनाबाईंनी फोन टेबलावर ठेवला. "काका, बियाणं नाही म्हणता. मग पाकीट म्हणजे काय? पुडी म्हणजे काय?"

"ते नाई सांगता येत, बाई."

"मग फोनचं लॉक उघडा. आम्हीच बघतो."

"तेबी नाई जमत."

तोवर जब्बार धावत आला होता. आपण सांगितलेल्या कुलपामुळेच काका अडकले, असं त्याच्या मनानं घेतलेलं. "मॅडम, अखबारात रोज येऊन राह्यलं हे," तो म्हणाला. "सरकार म्हन्ते, कुलपाची एक चाबी आमालेबी द्या. पन चाबी एकदा बनली का ती कोनाच्या हातात जाईन ह्याची काय ग्यारंटी? चांगल्या साहेबाच्या हातात असन आज. उद्या?"

"आणि बोगस बियाणं विकणारा त्याच कुलपाच्या आड बसला असेल तर, जब्बारभाई?" वंदनाबाई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या वर्षी कितीजणांच्या शेतात काही उगवलंच नाही. ते आम्हालाच विचारतात, तुम्ही काय करत होता म्हणून. काय सांगू त्यांना?"

जब्बारनं मान हलवली. न उगवलेल्यांत त्याच्या भावाचंही शेत होतं. उकंडरावही मान हलवत म्हणाले, "हे मात्र बाईचं खरं आहे." या माणसाची हीच पंचाईत. समोरच्याचं खरं असलं की ते कबूल करून टाकायचे, मग स्वतःचा गळा अडकलेला का असेना.

"मग उघडा ना," वंदनाबाई म्हणाल्या. "कर नाही त्याला डर कशाला? हा माझा फोन बघा, टेबलावर उघडा पडलाय. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

उकंडरावांनी त्या फोनकडे पाहिलं. मग त्यांच्या मानानं पुष्कळ हळू आवाजात म्हणाले, म्हणजे फक्त ठाण्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. "बाई, म्या काई केलं नाई, म्हनून मले डर नाई. पन ह्या फोनात माहं एकट्याचं नाई ना. कोनाच्या पोरीले किती नकार आले, कोनाचा पोरगा फिट येऊन पडते, कोन रडत रडत काय बोललं, सारं आहे. ते त्याईनं मले देलं, तुमाले नाई देलं. म्या उघडलं तं डर त्याईले. मले काय होते? तुमी मले बेस्तरवार सांजेलोक ठेवा इथं. मंग सारं सांगतो."

"बेस्तरवारपर्यंत का?"

"तेबी बेस्तरवारीच सांगतो."

वंदनाबाई वैतागल्या. रीतसर परवानगी काढून फोन उघडावा लागेल असं सांगून त्यांनी तो ठेवून घेतला आणि संध्याकाळी उकंडरावांना घरी धाडलं. मंगळवारी सकाळी हजर व्हायचं होतं. मंगळवारी उकंडराव हजर झाले ते पिशवी घेऊन. पिशवीत धोतरजोडी, पांघरूण आणि झुंबरबाईनं बांधून दिलेल्या भाकरी. ती बाई नवऱ्याला उभा जन्म टोचून बोलली, पण काल रात्री तिनं 'सांगून टाका' असं एकदाही म्हटलं नव्हतं. ठाण्यातल्या बाकावर पिशवी ठेवून ते म्हणाले, "ठेवा आता मले." वंदनाबाईंना हसू आवरलं नाही आणि हसू आलं याचा रागही आला.

तिकडे पिंपळगावात चंद्रशेखरनं तो निरोप घरात सगळ्यांना ऐकवला होता. सोमवारी रात्री जेवताना, हसत हसत. "सोनाळ्याचा म्हातारा सापडला बियान्यात! ठान्यात नेलं तं तोंडच उघडत नाई म्हन्ते! आपल्याच गावचं पाकीट निंघालं, अन् आपल्याले पत्ता नाई!" पुष्पांजली भाकरी वाढत होती. निरोपातला 'पुडी' हा शब्द तिच्या कानावर पडला. तो जगात फक्त तिनं काढलेला शब्द होता. तिनं हातातली भाकरी परत दुरडीत ठेवली. म्हातारा एक शब्द बोलला असता तर सुटला असता, आणि तो बोलत नाही म्हणजे कोणासाठी बोलत नाही, हे तिला तिथल्या तिथं कळलं.

मंगळवारी पोरीला दवाखान्यात नेते म्हणून ती निघाली. बेस्तरवारचं निमित्त मंगळवारीच वापरून टाकलं. एस.टी. बदलत बदलत ती दुपारी ठाण्याच्या पायऱ्या चढली, समीक्षाचा हात घट्ट धरून.

उकंडराव बाकावरून ताडकन उठले. त्यांनी कुजबुजायचा प्रयत्न केला, तो असा: "काऊन आली व तू इथं? जाय, जाय वापस!" बाहेरचा चहावालासुद्धा वळून बघायला लागला.

पुष्पांजलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ टेबलापाशी गेली. "मॅडम, ते पाकीट मी आहो," ती म्हणाली. मग तिनं समीक्षाला पुढे केलं. "अन् हे पुडी."

वंदनाबाईंनी तिच्याकडे खुर्ची सरकवली. मग तिनं सगळं सांगितलं. पाकीट म्हणजे स्थळ, रब्बी म्हणजे दुसरं लग्न, आणि बोंडअळी कोण ते. उकंडराव डोळे पुसत होते. "सांगाची काय गरज होती?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "दोन दिवस तं राह्यले होते. म्या बसलो असतो ना इथं."

"तुमी बसले असते, मामा. पन कुलूप माहं होतं. तुमी सांभाळलं. उघडाचं तं मलेच लागन ना?"

वंदनाबाई बराच वेळ समीक्षाकडे बघत होत्या. पोरगी टेबलावरच्या काचेच्या गोळ्याशी खेळत होती. मग त्यांनी उकंडरावांचा फोन उचलला आणि तसाच, न उघडलेला, त्यांच्या हातात दिला.

"आई आपल्या लेकीला घेऊन लग्न करते, त्याला दिराची परवानगी लागत नाही," त्या पुष्पांजलीला म्हणाल्या. "आणि इथं ऐकलेलं इथंच राहील." हे शेवटचं त्यांनी सगळ्या ठाण्याकडे बघून सांगितलं. मग काहीतरी आठवून त्यांच्या कपाळावर आठी आली. "बिल नसलं तरी चालेल म्हणून दोन पाकिटं मागवणारा चंद्रशेखर, तो हाच का?"

"हाव, तोच," उकंडरावांसोबत आलेला जब्बार म्हणाला.

"बिगरबिलाचं बियाणं मागितल्याबद्दल त्याचा जबाब घ्यावाच लागेल. गुरुवारी सकाळी बोलवा. दिवसभर वेळ काढून ये म्हणावं."

हसण्याची जी लाट उठली, तिच्यात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता ते सांगायला नकोच.

बेस्तरवारी मोताळ्यात लग्न लागलं. बोहल्यावर राजकुमारनं आधी समीक्षाला मांडीवर घेतलं आणि मग अंतरपाट धरू दिला. चंद्रशेखर त्या वेळी ठाण्यात बाकावर बसून, आपल्याला बियाणं खरंच नको होतं, असं चौथ्यांदा सांगत होता. पुढे दिवाळीला तो पुतणीसाठी फ्रॉक घेऊन मोताळ्याला गेला. राजकुमारनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही, असं ऐकतो.

हे सगळं निवल्यावर एका दुपारी उकंडराव ओसरीवर बसले होते. फोन वाजला. आता ते चष्मा डोळ्यांवर ठेवून, अक्षर अक्षर लावून नाव वाचत. त्यांनी फोन कानाला लावला आणि निरोप ऐकला.

"काका, वंदना बोलतेय. तुमच्या भाषेतच सांगते. एक पाकीट आहे. रब्बीचं. बोंडअळी घरातच आहे, त्यामुळे कोणाला कळता कामा नये. कोणाचं आहे ते आत्ता विचारू नका. मी स्वतःच सांगेन." मध्ये थोडं थांबून आवाज पुन्हा आला. "त्या दिवशी म्हटलं होतं ना, लपवण्यासारखं काही नाही. ते खरं नव्हतं."

उकंडरावांनी निरोप दुसऱ्यांदा ऐकला नाही. त्यांनी तो पुसला. आणि मग बरंच शोधून उत्तर बोलायचं बटण दाबलं, फोन तोंडाशी अगदी जवळ धरला आणि काहीतरी बोलले.

शेजारीच झुंबरबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय म्हन्लं व्हय? मले आयकूच नाई आलं."